डावीकडचा मंद आवाज

जुळे सोलापूर,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय अक्का,

धाकट्या भावाचा शरणार्थ. दाजींचा गुडघा आता कसा आहे? तू मंगळवेढ्याहून पाठवलेली ज्वारी पोचली. चंद्रिकानं लगेच दळून आणली आणि पहिली भाकरी शेजारणीला बोलावून दाखवली.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू दर वाक्याला "मग?" म्हणतेस आणि माझं निम्मं सांगायचं राहतं, म्हणून लिहायला बसलो.

निवृत्तीनंतरचं माझं वेड तुला ठाऊक आहेच. हॉलमध्ये थिएटर उभं करायचं, पण एकेक वस्तू आणत. आधी अ‍ॅम्प्लिफायर आणला. गणपतीत एक मोठा स्पीकर आणून पडद्याच्या डाव्या अंगाला ठेवला, दिवाळीत त्याचा जोडीदार उजवीकडे. दुकानदार गुरुशांत म्हणालाही होता, "अण्णा, जोडी एकदम घ्या की. बैल कुणी एकेक घेतंय व्हय?" पटलं, पण मला धीर कुठला. आपले अप्पा बैल घेताना दोघांना शेजारी उभं करून खांदे बघायचे. मी तेवढंही केलं नाही.

आणि जोडी जमेना. पडद्यावर गाडी उजवीकडून डावीकडे निघाली की अर्ध्या वाटेत तिचा आवाज गळून जायचा. डावा स्पीकर उचलून गुरुशांतकडे नेला. त्यानं लावून बघितला. "ह्याला कायबी झालं न्हाय. लई झकास वाजतोय." दुकानदार दुसरं काय म्हणणार, असं म्हणत मी परत आलो.

घरी दोघांच्या जागा बदलल्या. उजवा डावीकडे आणला, तर आता तो मंद. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. म्हणजे स्पीकर चांगले, चोर अ‍ॅम्प्लिफायरमध्ये. त्याच्या वायरी उलटसुलट केल्या, तरी डावीकडेच मंद. मग संशय खिडकीवर गेला. आवाज तिथून बाहेर जात असणार म्हणून घरातल्या जाडजूड चादरी तिच्यावर टांगल्या. चंद्रिका म्हणाली, "खिडकीला थंडी वाजतीय काय? पाहुणे आले तर त्यांनी काय पांघरायचं?" शेवटी डावीकडचा आवाज वाढवून ठेवला. तर हिची तक्रार, "ह्या बाजूला बसवत न्हाय हो, कान फाटतोय."

मला मात्र ते बेताचंच वाटत होतं.

संक्रांतीला पाठीमागचे दोन छोटे स्पीकर आले. ते नेमकं काय बोलतात हे बघायची मला भारी उत्सुकता. परवा दुपारी चंद्रिका मठात गेली होती, तेव्हा खुर्ची फिरवली आणि पडद्याकडे पाठ करून बसलो. इतके दिवस खणखणीत वाजणारा उजवा स्पीकर एकदम मंद झाला, आणि डावा कडाडायला लागला. सुलटा बसलो, पुन्हा डावा मंद. किती तरी वेळ खुर्ची फिरवत होतो. आधी गंमतच वाटत होती, खोटं कशाला सांगू. स्पीकर, वायरी, खिडकी, सगळं जागच्या जागी होतं. हललो होतो तो मी एकटा.

मग डाव्या कानात बोट घातलं. काही फरक पडला नाही. उजव्यात घातलं आणि हॉल जवळजवळ गप्प झाला.

अक्का, अप्पांचंही एकाच कानापासून सुरू झालं होतं ना? त्यांच्याशी ओरडून बोलता बोलता तुझा घसा बसायचा. मला आठवतं ते पंगतीतलं. सगळे हसले की अप्पाही हसायचे, थोडं मागाहून, कशाला ते माहीत नसताना. गेल्या महिन्यात चंद्रिकाच्या भावाकडे मी अगदी तसाच हसलो. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

तरी डोकं स्वस्थ बसत नाही. कान कधीपासून गेला असेल? पहिला स्पीकर आणायच्या आधीच? हे खूळ घेतलं नसतं तर कळलं तरी असतं का?

चंद्रिकाला अजून सांगितलेलं नाही. फोन टाळला तो खरं म्हणजे यासाठीच, तिच्यादेखत बोलता आलं नसतं. तिला वाटतं मी अजून वायरीच तपासतोय. १८ तारखेला कानाच्या डॉक्टरांकडे नाव लावलंय. काही करता आलं तर ठीक, नाही तर मशीन. अप्पांनी त्यांचं मशीन ट्रंकेत टाकून दिलं होतं, मी तसं करणार नाही. पण डॉक्टरांसमोर एकट्यानं बसायची हिंमत होत नाही. आदल्या दिवशीच्या एसटीनं येशील? चंद्रिकाला तुझ्यासमोरच सांगीन म्हणतो.

आलीस की माझ्या उजव्या हाताला बस. आणि ओरडू नकोस, अक्का. त्या कानाला अजून तुझं हळू बोललेलंही ऐकू येतं.

तुझा,
संगमेश