सिंकमधला सोबती

प्रिय ताई,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी दोन गुडघे सध्या रजेवर आहेत, उरलेल्या सहा अंगांवर भागवून घे.) तुझं ब्लडप्रेशर, भावोजींचा खोकला आणि गच्चीतला पिवळा गुलाब, तिघांची तब्येत कशी आहे? पत्रात आधी समोरच्याची विचारपूस करावी, मग आपलं गाऱ्हाणं सांगावं, असं शाळेतल्या सिस्टर शिकवायच्या. विचारपूस झाली. आता गाऱ्हाणं ऐक.

तू माझ्यासाठी मागची खोली रंगवून घेतलीस, पडदे लावलेस, आणि दर फोनला "येतेस कधी?" म्हणून विचारतेस. मी विषय बदलते आणि तू रागावतेस. आता खरं सांगते. मी निघालेच होते गं. हे घर दातांच्या डॉक्टरांना द्यायचंही ठरलंय, ते येऊन खुर्ची कुठे ठेवायची ते बघून गेले. पण मध्ये एक जिन आडवा आला. (हसू नकोस. निदान भावोजींना मोठ्याने वाचून दाखवू नकोस.)

झालं असं, की भर दुपारी मी बटाटे उकडले आणि ते कढत पाणी सिंकमध्ये ओतलं. तर आतून आवाज आला, "आई गं, मेलो!" तू म्हणशील पाइपातली हवा असेल. ताई, मी उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढला. नुसत्या 'हॅलो'वरून पलीकडे बारसं आहे की भांडण, हे मला कळायचं. तो आवाज ह्यांचा नव्हता, पण मेलो म्हणायची तऱ्हा अगदी ह्यांची. इंजेक्शनची सुई नुसती दिसली तरी हे असेच मरायचे. (खरोखरचे गेले तेव्हा मात्र चकार शब्द काढला नाही.)

मी तशीच चाळणी हातात घेऊन खाली आपांकडे गेले. आपा म्हणजे खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका, तू फोनवर ज्यांचा खणखणीत आवाज ऐकून "कोण भांडतंय?" विचारलं होतंस, त्याच. त्या काठी टेकत वर आल्या आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाकडे बघावं तशा सिंककडे बघत राहिल्या. मग मलाच झाडलं.

"ओतण्याआधी हाक मारलीत का?"

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? आत राहतात त्यांना! जन्मभर ट्रंक कॉलवर 'तीन मिनिटं झाली, वाढवायची का?' असं विचारल्याशिवाय कुणाची लाइन तोडली नाहीत, आणि इथे थेट डोक्यावर आधण?"

मग त्यांनी तिथेच तास घेतला. जिन बिनधुराच्या आगीचे बनलेले असतात, ते मोऱ्यांत, नळांत, रिकाम्या घरांत राहतात. त्यांनाही बायका-मुलं असतात, त्यांच्यातही भांडणं आणि सोयरिकी होतात. म्हणून कढत पाणी ओतताना देवाचं नाव घेऊन 'बाजूला व्हा' म्हणायचं, असं त्यांच्या आजीने त्यांना शिकवलेलं. जिन जर बिनधुराच्या आगीचे बनलेले, तर पाण्याने भाजतात कसे, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "मधे बोलायचं नाही." आणि हा साधासुधा जिन नाही, हा हमजाद आहे, असा त्यांनी निकाल दिला. हमजाद म्हणजे माणसाबरोबरच जन्माला येणारा त्याचा सोबती जिन. कानाशी बसून नको ते सुचवत राहणं ही त्याची नोकरी. माणूस जातो आणि हा बिचारा बेकार होऊन घरातच घुटमळतो. थोडक्यात, माझ्या सिंकमध्ये ह्यांचा हमजाद मुक्कामाला आहे.

ताई, मला रडूच आलं, पण सुटल्याचं. कारण गेल्या वर्षापासून पलंगावर ओला टॉवेल सापडतो, चष्मा चहाच्या डब्यात सापडतो, गॅस आपोआप चालू राहतो. माझ्या नेहमीच्या डॉक्टरांनी विसरभोळेपणा तपासायला मला घड्याळाचं चित्र काढायला लावलं होतं, हे मी तुला सांगितलं नव्हतं. काटे काढले, पण त्यांनी दाखवलेली वेळ मात्र डॉक्टरांना आवडली नाही. मला वाटायचं, आपलंच डोकं चाललंय. आणि इतके दिवस हा टॉवेल टाकत होता! सवयी सगळ्या ह्यांच्या, एकही चांगली नाही.

भाजलेल्याची सेवा करणं आलंच. आपा म्हणाल्या, हाडं हे जिनांचं अन्न, तीच ठेवा. माझ्या घरात हाडं म्हणजे माझीच, आणि ती मलाच पुरत नाहीत. म्हणून मी सिंकच्या कडेला माझ्या कॅल्शियमच्या गोळ्या ठेवायला लागले. सकाळी ठेवते, दुपारी पाहावं तर गोळी गायब. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या इतक्या लवकर कशा संपल्या? तुम्ही दोनदा तर घेत नाही ना?" मी म्हटलं, घरात पाहुणे आहेत. त्यांनी पुन्हा घड्याळ काढायला कागद पुढे केला.

बोलायला तो फारसा बोलत नाही, नुसता गुडगुडतो. पण खराब लाइनीवरून बोलणं उकलायची मला सवय आहे. आणि आता तुझ्याविषयी. (इथे पाणी पिऊन ये.) तुझ्या शिलाई मशिनचं जे झालं, ते ह्यांनी केलं नव्हतं. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा तुझ्याकडे आलो, हे "नुसतं तेल घालतो" म्हणाले, तासाभरात मशिनचे सगळे अवयव तुझ्या नव्या चादरीवर पसरले, एक स्क्रू उडाला तो गेलाच, आणि तेव्हापासून तुझं मशिन फक्त उलटं शिवतं. तू ह्यांना कधी भावोजी म्हटलं नाहीस. जाईपर्यंत 'तुझा मेकॅनिक' म्हणालीस. तर तो म्हणतो, "उघडून तरी बघ आत काय आहे" हे सुचवणारा मी. आणि स्क्रू उडाला, कारण जिनांना लोखंडाची भीती. बिचाऱ्याला नशिबाने मालक मिळाला तो शिलाई मशिनचा मेकॅनिक! जन्मभर सुया आणि स्क्रूंच्या ढिगात थरथरत बसला, तिथे मन ताळ्यावर राहील कसं? तो दचकला, ह्यांचं कोपर हललं, स्क्रू उडाला. बस्, एवढंच. तो तुझी माफी मागतो. ह्यांनी कधी मागितली नाही, तेव्हा या घराकडून एवढीच समज.

आता राहिला घर सोडण्याचा प्रश्न. आपांचा नियम असा, की घर सोडताना जिनाला तीनदा सांगायचं, 'बाबा रे, आपापल्या वाटेने जा.' तिसऱ्यांदा ऐकलं की त्याला जावंच लागतं. मी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा दिवसभर नळ ठिबकत राहिला. दुसऱ्यांदा सांगितलं, तर आतून गुणगुणणं आलं. मशिनला तेल घालताना हे गुणगुणायचे ते, आणि जिथे ह्यांचा सूर घसरायचा नेमक्या तिथेच घसरलेलं. काल तिसऱ्यांदा सांगायला गेले. नळावर हात ठेवला, घसा खाकरला, आणि तोंडून काय निघावं? "तीन मिनिटं झाली. वाढवून देते."

इतकी वर्षं वेळ संपली की लोकांच्या लाइनी तोडल्या गं मी. एवढी एक तुटेना.

आपा दारात उभ्या होत्या. त्यांचं काही न बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

भावोजींना नमस्कार. गुलाबाला पाणी बेताने घाल.

तुझी,
धाकटी

ता. क. : तुझ्या स्वयंपाकघरातलं सिंक ऐसपैस आहे का? सहज विचारतेय. आणि कढत पाणी ओतण्याआधी हाक मारायची सवय आतापासूनच लावून घे. "मेकॅनिक, बाजूला हो" म्हटलंस तरी चालेल, त्याला ओळख पटेल.

आणखी ता. क. : तो म्हणतो, तो स्क्रू तुझ्या आरशाच्या कपाटाच्या मागच्या पायाशी, भिंतीच्या फटीत आहे. भावोजींना वाकायला लाव. सापडला तर आम्हा दोघांना न्यायला ये. नाही सापडला, तर ताई, मला एकटीलाच न्यायला ये. पण मग लवकर ये.