खारपडीत आलेला समुद्र

१४ फेब्रुवारी
वही, रागावू नकोस. दिवाळीनंतर तुला आज हात लावतोय. काय लिहिणार? लढाई सुरू झाली, आणि बिरुदेव, माझा मुलगा, फौजेत. सरहद्दीवर. टीव्ही बघायचा आणि घाबरायचं, एवढंच काम उरलं.

पण आज लिहिलंच पाहिजे. सोलापूरहून सरकारची गाडी आली होती! लढाऊ जहाजांमुळे बोटी समुद्रात सोडत नाहीत, मासळी आटली. शहरांना, फौजेला पुरवायची कुठून? तर म्हणे आमच्या दुष्काळी गावातून! मत्स्य विभागाच्या कीर्ती मॅडम म्हणाल्या, "ज्यांचं पाणी खारट, त्यांनी नावं द्या. समुद्राची कोळंबी वाढवायची आहे."

लाजेनं सगळ्यांनी माना खाली घातल्या. ह्या पाण्यापायी आमच्या गावात कोणी मुलगी देत नव्हतं. मग शेजारचा सोमलिंग उठला — "मॅडम, माजी हीर लई खारट हाय!" मागून कोणीतरी, "त्येची कसली खारट! माज्या हिरीचं पानी म्हसरू तोंडात घेत न्हाय!" तंटाच लागला! माणसं खारटपणाची फुशारकी मारताना आयुष्यात पहिल्यांदा पाहिली.

सूनबाईनं, पूनमनं, आमचं नाव दिलं. मला विचारलंसुद्धा नाही.

१५ फेब्रुवारी
झोप नाही. पूनमला म्हटलं, कशाला हा उद्योग? आपण मेंढरांमागची माणसं.

म्हणाली, "मामा, जूनमदी ह्यांच्या नोकरीची मुदत संपती. पर आनखी दोन वरसं वाढवून घेतो म्हनत्यात. रानात मीठ पिकतंय, तितं येऊन काय करू म्हनत्यात. तळं पिकलं तर घरी येतील की."

मग तळं खणायला खारपडीतली जागा मीच दाखवली.

२ मार्च
बी आलं! पार पूर्वेच्या किनाऱ्यावरून, हवा भरलेल्या पिशव्यांतून. पापणीच्या केसाएवढी कोळंबी. अंग आरपार दिसतं, फक्त दोन काळे डोळे. एवढ्याशा जिवाला डोळे!

पिशव्या आधी तशाच तळ्यावर तरंगत ठेवल्या, पाण्याची ओळख व्हावी म्हणून. मी भंडारा उधळणार, तोच मॅडमनी हात धरला — "आजोबा, पाण्यात नको, काठावर!" काठावर उधळला. बिरोबाच्या नावानं चांगभलं.

आमची कारभारीण, बाळाबाई, म्हणाली, "अवो, बिरोबाला कोळंबी म्हंजी काय ठावं तरी हाय का?"

मला तरी कुठे ठाऊक होती. समुद्र मी पाहिलेला नाही. आता तोच माझ्या खारपड रानात येऊन बसलाय.

९ एप्रिल
आज काठावर मेलेली कोळंबी पाहून ओरडलो. उचलून बघतो तर आत कोणीच नाही! मिशा, पाय, शेपूट, सगळं काचेसारखं, रिकामं. पूनम हसली — "मामा, अंगरखा बदललाय तिनं. वाढाय लागलीया."

बाळाबाईला दाखवलं. तीही बराच वेळ तळहातावर धरून बसली. जिथे बाभळ जगली नाही तिथे हे वाढतंय!

२० एप्रिल
बिरूचा फोन नाही. दिवसभर बगळ्यांवर गोफण चालवली.

१७ मे
घात केला. मीच केला.

पूनम खाद्य आणायला काल सोलापूरला गेली, मुक्काम पडला. तळ्यावर मी. पहाटे वीज गेलेली, पाणी घुसळणारी चाकं बंद. मी काही मनावर घेतलं नाही. उजाडताना बघतो तर सगळी कोळंबी वर, काठाला! हजारो मिशा माझ्याकडे. अंगावर काटा आला. वाटलं, ओळखलं मला! मेंढरं भुकेली की अशीच धन्याभोवती गोळा होतात. दुप्पट खाद्य टाकलं. हसत टाकलं.

पूनम पहिल्या एसटीनं आली, आणि बांधावरूनच किंचाळली — "मामा! त्येंचा जीव कोंडलाय!" पिशवी फेकून लुगड्यासकट पाण्यात. सोमलिंगनं डिझेल इंजिन आणून पाण्याचा फवारा धरला. मी, बाळाबाई, अर्धी आळी — छातीभर पाण्यात, हातांनी, काठ्यांनी पाणी बडवत होतो.

बरीच वाचली. मेलेली पाट्या भरभरून पुरली. पूनमनं ओल्या लुगड्यानंच एकेक पाटी मोजली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बिरू आला नाही तर माझ्यामुळे.

१८ मे
पूनमनं चहा आणून दिला. "मामा, चाकं बंद पडली की आदी मला हाक मारायची. व्हय का?"
व्हय.

९ जून
काढणी! जाळं वर आलं आणि माणसं बघायला पाण्यातच उतरली. वीतभर कोळंबी, उन्हात चमकत, उड्या मारत. बर्फात भरून गाडी गेली. फौजेला जाणार म्हणे. बाळाबाईनं मेंढीच्या कालवणाच्या मसाल्यात केली. सोमलिंग चार वेळा वाढून घेत म्हणाला, "मायाप्पा, मीठ घालायचं काय कारन हुतं? आदीच तुज्या पान्यातली!"

संध्याकाळी बिरूचा फोन. पूनमनं फोटो पाठवला होता. म्हणाला, "आप्पा, खरंच आपलं रान हाय हे?" मग म्हणाला, "नोकरी वाढवून घेत न्हाय. येतो."

मी पटकन फोन बाळाबाईकडे दिला.

१२ जून
पूनमला बिरूच्या पलटणीतून निरोप आला. हुकूम निघालाय — लढाई संपेपर्यंत मुदत भरलेल्यांनाही सोडायचं नाही. त्याला पुढच्या ठाण्यावर नेलं, फोन लागत नाही. मॅडम म्हणतात, दुसरं बी घ्या, लढाई लांबणार.

लेकरा, कसा आहेस, एवढं तरी लवकर कळव.