माकड ओरडलं तर कॉल

सानपाडा, रविवार

ती. गोजराताईस,

धाकट्या गंगूचा नमस्कार. तुझा गुडघा मोरा बंदराच्या पायऱ्या चढू देतो का? भावोजींचा खोकला, तुझं मांजर, सगळ्यांची खुशाली कळव. (फोन असताना हिला पत्र कुठून सुचलं, म्हणशील. फोनवरचा माझा आवाज अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जातो, आणि हे गुपचूप सांगायचं आहे.)

आमच्याकडे सगळं ठीक, फक्त सूनबाई बोलत नाही. आज आठवा दिवस. जेवायला वाढते, गोळी हातात देते, पण तोंड उघडत नाही. मितालीला तीन वर्षं वाघ बघायचा होता. तिला न्हावा शेवाच्या ऑफिसातून रजा मिळाली, आमच्या प्रणयला मिळाली नाही, म्हणून मुलाच्या जागी मी, त्याची आई, ताडोबाला गेले.

उघड्या जीपमध्ये बसल्याबरोबर गाईडनं सांगितलं, कुजबुजायचं. चाळीस वर्षं मासळीची पाटी घेऊन बसलेल्या बाईला! तरी दोन तास पदराचा बोळा तोंडात धरला. मग एक माकड केवढ्यानं खेकसलं. त्याला कोणी गप्प केलं नाही. उलट गाईड खूश, "कॉल आला, वाघ जवळ आहे!" सगळे माना ताणून बांबूकडे बघू लागले. इतक्यात तळ्याकाठी खंड्या दिसला (आपल्या खाडीवर रोज फुकट बसतो तोच) आणि मितालीनं कॅमेरा तिकडे वळवला. तेवढ्यात मला वाघ दिसला. मी ओरडले, "वाघ हाय गो, वाघ!" ती वळेपर्यंत नुसता बांबू हलत होता. पुढच्या दोन फेऱ्यांत हरणंच. माकड ओरडलं तर कॉल, गंगू ओरडली तर सहलीचा सत्यानाश. यातला फरक मी गाईडला विचारला, तर त्यानं दुर्बीण डोळ्यांना लावली.

घरी येऊन जिताड्याचं कालवण केलं. दोनदा घेतलं तिनं, पण मुकाट्यानं.

तुझी,
गंगू

ता. क. खरं सांगते. वाघ गाडीच्या त्याच बाजूला, मितालीच्या पाठीमागे होता, आपल्या ओट्यापासून नळ आहे ना, तेवढ्यावर. आणि ही कमरेपर्यंत गाडीबाहेर वाकलेली. वाघाचं मला काय कौतुक? मी ओरडले ती तिच्यासाठी. मी सांगितलं तर सासू सबबी सांगते म्हणेल. तुझं ती ऐकते. बुधवारच्या लाँचनं ये आणि तिला सांग.

ता. क. दुसरा. येऊ नकोस, गुडघा सांभाळ. शाळेतली सवय, लिहिते ते मोठ्यानं म्हणते, लक्षातच आलं नाही. मिताली केव्हाची दारात उभी आहे. डोळे पुसून आत्ताच म्हणाली, "आई, जरा हळू लिहा ना."