अल्ताफ मुल्लाणी यांच्यावरचा ठपका

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
मानवरहित विमान चाचणी अपघात,
चौकशी कक्ष, शाहूवाडी, जि. कोल्हापूर.

अर्जदार : मोना हंबीरराव साळोखे, वय ३१, निलंबित अभियंता, रा. शिवाजी पेठ, कोल्हापूर.

विषय : दिवंगत अल्ताफ गैबी मुल्लाणी यांच्या मृत्यूबाबतच्या अहवालातील एक वाक्य वगळणेबाबत व दुसऱ्या चाचणीसंबंधी विनंती.

संदर्भ : १) आपला प्राथमिक अहवाल दि. ८ डिसेंबर २०२५, परिच्छेद ६.
२) कंपनीचे आपणास पत्र दि. २ जानेवारी २०२६.

महोदय,

१. मी सदर कंपनीत विमान आपोआप चालविणाऱ्या प्रणालीची अभियंता होते. आमचे दोन इंजिनांचे, वैमानिक नसलेले विमान दोन वर्षे औषधे आणि यंत्रांचे सुटे भाग घेऊन ये-जा करीत होते. धावपट्टीवर माणूस किंवा जनावर दिसल्यास उतरणे रद्द करून वर निघून जाणे, हा त्या प्रणालीतला पहिला नियम. तो मी लिहिला होता. दोन वर्षांत त्या विमानाने कोंबडीलाही धक्का लावला नाही.

२. गेल्या वर्षी तेच विमान सैन्याच्या दुर्गम चौक्यांना रसद पोचविण्यासाठी बदलण्याचे काम कंपनीने घेतले. प्रकल्पप्रमुख श्री. आदर्श देसाई यांचे म्हणणे असे पडले की, शत्रूने एक माणूस धावपट्टीवर उभा केला तरी विमान परत फिरेल आणि चौकी उपाशी राहील. हा नियम लढाईत चालणार नाही. त्यांचे म्हणणे मला तेव्हा पटले होते. त्यांच्या लेखी आदेशावरून मी नियम उलटा केला : माणूस किंवा जनावर दिसले तरी उतरायचे. हा बदल संगणकावरील सरावापुरताच ठेवायचा, असे ठरले होते. चाचणीच्या आदल्या दिवशी तो प्रत्यक्ष विमानात भरला गेला. मला कोणी सांगितले नाही आणि मीही तपासून पाहिले नाही. यातले 'मीही तपासून पाहिले नाही' हे माझ्या जबाबात नाही, कारण ते मला कोणी विचारले नाही आणि मी आपणहून बोलले नाही. ते आता नोंदवून घ्यावे.

३. दि. ११ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी दहा वाजता शाहूवाडी तालुक्यातील सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावरच्या, खासगी धावपट्टीवर चाचणी होती. शत्रूने रेडिओ बंद पाडला तरी विमान स्वतःहून उतरते, हे दाखवायचे होते. त्यासाठी तंबूत जॅमर चालू ठेवला होता. जॅमर चालू असेपर्यंत आमचा कोणताही हुकूम विमानापर्यंत पोचणार नव्हता.

४. विमान दिसू लागले त्याच वेळी खालच्या वाडीतील आण्णा पाटील यांच्या चार म्हशी कुंपणाच्या फटीतून पट्टीवर आल्या. अल्ताफ मुल्लाणी, वय ३४, रा. मुरगूड, हे आमचे जमिनीवरचे सहायक. ते माझ्या शेजारी उभे होते. म्हशी हाकलून या, असे मी त्यांना सांगितले. ते चार पावले गेले आणि वळले. "मॅडम, माणूस बघून फिरतंय न्हवं नक्की?" असे त्यांनी विचारले. मी म्हटले, "नक्की. जावा बिनधास्त."

५. विमान फिरले नाही. अल्ताफ यांनी ते पाहिले आणि दोन्ही हात वर करून त्याच्याकडे तोंड करून उभे राहिले, कारण माणूस नीट ओळखू यावा म्हणून असेच उभे राहायचे, हे मीच त्यांना शिकवले होते. डाव्या इंजिनाच्या पंख्याने त्यांना उजव्या खांद्यापासून बरगड्यांपर्यंत चिरले. हात पट्टीच्या कडेला जाऊन पडला. पंख्याचे पाते तुटून एका म्हशीच्या पोटात घुसले आणि ती आतडी फरफटत धावत सुटली. त्याही स्थितीत विमान थांबले नाही. एका इंजिनावर उडता यावे, अशीच त्याची बांधणी आहे. उतरणे फसल्याने ते पुन्हा वर उठले आणि दुसऱ्या प्रयत्नासाठी वळण घेऊ लागले. त्याला परत यायला चार मिनिटे लागणार होती.

६. त्या चार मिनिटांत आण्णा पाटील पट्टीवर धावले. ते म्हशीकडे गेले नाहीत, अल्ताफ यांच्याकडे गेले. त्यांनी मांडीवर अल्ताफ यांचे डोके घेतले. अल्ताफ जिवंत होते. मी तंबूकडे पळाले. जॅमरसमोर श्री. देसाई उभे होते. बंद करा म्हणून मी तीनदा सांगितले. ते म्हणाले, "दोन मिनिटं थांब. आत्ता बंद केला तर सगळी चाचणी वाया जाईल." विमानाच्या चाकाला लावायची लोखंडी पाचर तिथे पडली होती. ती उचलून मी त्यांच्या तोंडावर मारली. ते खाली बसले, तरी त्यांनी माझा पाय धरून ठेवला, म्हणून पुन्हा मारली. त्यांचा जबडा मोडला आणि तीन दात पडले. मग मी जॅमरची वायर उपटून काढली. माझ्यावर दाखल झालेला मारहाणीचा गुन्हा खरा आहे. तो मागे घ्यावा अशी माझी विनंती नाही.

७. उतरणे रद्द करण्याचा हुकूम विमानाला पोचला तेव्हा ते पट्टीच्या तोंडाशी आले होते. ते वर उठू लागले, पण एका इंजिनावर पुरेसे वर गेले नाही. चाक आण्णांच्या डाव्या पायावरून गेले. पंख टेकून विमान उलटे झाले आणि पेटले. तीन म्हशी जळाल्या. त्यांचे ओरडणे बराच वेळ चालू होते. मी आण्णांचा पाय माझ्या ओढणीने बांधला. अल्ताफ यांच्याकडे वळले तेव्हा ते संपले होते. वाडीतली माणसे वर आली. आण्णांच्या पत्नी बयाबाई यांनी मला काठीने मारले. माझे उजवे मनगट मोडले. पुढे कंपनीच्या दोन गाड्या फोडल्या गेल्या. बयाबाईंविरुद्ध माझी तक्रार नाही. कंपनीने माझ्या नावावर दिलेली तक्रार मी दिलेली नाही.

८. आपल्या अहवालातील परिच्छेद ६ मध्ये असे आहे : 'मृत इसमाने प्रतिबंधित क्षेत्रात विनापरवाना प्रवेश केल्याने अपघात घडला.' हे कंपनीने पुरवलेले वाक्य आहे. अल्ताफ यांना परवानगी मी दिली होती, तोंडी, सर्वांसमोर. अहवाल वर्तमानपत्रात आल्यापासून मुरगुडात अल्ताफ यांच्या पत्नी शाहिस्ता यांना लोक विचारतात, नवरा शुद्धीवर होता का. मी त्यांच्या घरी गेले होते. त्यांनी मला चहा दिला आणि एवढेच म्हणाल्या, "ते सांगितल्याबिगर कुठं जायचे न्हाईत. कुणी धाडलं तेवढं सांगा." मी सांगितले. त्यांनी कप माझ्या हातातून काढून घेतला आणि मला जायला सांगितले. सबब, सदर वाक्य वगळून तेथे 'अभियंता मोना साळोखे यांच्या सांगण्यावरून' असे लिहावे. कारणासमोर नाव लागतेच, तर ते माझे लावावे.

९. संदर्भ क्र. २ च्या पत्रात कंपनीने आपणास लेखी कळवले आहे की जुना नियम पूर्ववत केला असून आता माणूस दिसल्यास विमान उतरत नाही. त्या भरवशावर दि. २७ जानेवारी रोजी त्याच सड्यावर तशाच नव्या विमानाची दुसरी चाचणी ठेवली आहे. मी निलंबित असल्याने मला आत पाहता येत नाही. मी तीनदा लेखी विचारले की बदल कोणी केला आणि कोणी तपासला. उत्तर आले नाही. आपणासही त्यांनी तपासणीची नोंद दिलेली नाही, फक्त पत्र दिले आहे. वाडीची गुरे आजही त्याच फटीतून वर येतात. कुंपण दुरुस्त झालेले नाही.

१०. म्हणून विनंती की, त्या दिवशी मला धावपट्टीवर, जेथे अल्ताफ मुल्लाणी उभे होते तेथे, हात वर करून उभे राहण्याची परवानगी मिळावी. कंपनीचे पत्र खरे असेल तर मला काहीही होणार नाही आणि मी त्यांची जाहीर माफी मागेन. पत्र खोटे असेल तर निदान या वेळी कोणी परवानगीशिवाय आत गेले, असे लिहिता येणार नाही. माझी मानसिक स्थिती ठीक नसल्याचे कंपनी आपणास कळवील. सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

पत्रावर सही करणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी कोणीही एक जण माझ्याऐवजी तेथे उभा राहण्यास तयार असल्यास माझा हा अर्ज निकाली काढावा.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहणारी,

(सही, डाव्या हाताने)
मोना हंबीरराव साळोखे
कोल्हापूर, दि. १२ जानेवारी २०२६

सोबत :
१) नियम बदलण्याचा लेखी आदेश, प्रत.
२) माझा पुरवणी जबाब.
३) मानसिक स्थितीबाबत वैद्यकीय दाखला.
४) आण्णा पाटील यांचे निवेदन, अंगठ्यासह.
५) वडील हंबीरराव यांचे संमतिपत्र : मागितले होते. त्यांनी दिले नाही.