रिकाम्या टाकीची पट्टी

२३ एप्रिल, मंगळवार

व्हर्नचा उजवा हात भाजला. काल सकाळी, आणि तोही आमच्याच गवत कापायच्या यंत्रावर!

चाळीस वर्षांपासूनचा शेजारी. माझा नवरा क्लेटस अंथरुणाला खिळला, मग गेला; तेव्हापासून आमच्या अंगणातलं गवत तोच कापतो, आणि स्वतःचंही आमच्याच यंत्रानं. हंगामातली पहिली खेप. दोरी ओढली, यंत्र दहा मिनिटं नीट चाललं, आणि मग खालून जाळाचा भपका! पेट्रोलची रबरी नळी तडकली होती. थेंब थेंब तापलेल्या सायलेन्सरवर पडत होते. यंत्र माझ्या घराच्या भिंतीला लागून होतं. पळून जायचं सोडून हा शहाणा ते हातानं ढकलत अंगणाच्या मध्यावर घेऊन गेला. घर वाचलं. हात नाही.

इस्पितळात मला म्हणतो, "मर्सेला, कॉफी डाव्या हातानंही पिता येते. तुझी कॉफी तशीही कुठल्याच हातानं पिण्यासारखी नसते."

मी हसले नाही.

दोष कोणाचा ते मला पक्कं ठाऊक आहे. आर्लो थिल! गेल्या ऑगस्टात यंत्र त्याच्या दुरुस्तीच्या दुकानात होतं. 'नळी तपासली' असं पावतीवर त्याच्याच अक्षरात आहे. तपासली म्हणे! डोळे मिटून?

२४ एप्रिल

पावती पुन्हा वाचली. तळाशी लिहिलंय — 'हिवाळ्याआधी टाकी रिकामी करावी.'

यंत्रावर टाकी रिकामी केल्याची पट्टी आहे. तारखेसकट. बस्स.

२६ एप्रिल, शुक्रवार

झोप नाही, तेव्हा लिहून काढते.

क्लेटसचा भाऊ मका पिकवतो. बाप मका पिकवायचा. इथल्या पेट्रोलात मक्याची दारू मिसळलेली असते आणि ती रबर खाते — हे क्लेटसला पाद्र्याच्या प्रवचनापेक्षा नीट ठाऊक होतं. नदीवर बोटींच्या पंपाला बिनमक्याचं मिळतं. तीन मैलांवर. मी शंभरदा सांगितलं. उत्तर एकच — "मक्यावर वाढलो, आणि आता मक्याला पाठ दाखवू? मला गावात तोंड दाखवायचंय, बाई." गावच्या अर्ध्या पुरुषांना हाच रोग. नळ्या कुजल्या तरी चालतील, निष्ठा शाबूत पाहिजे!

म्हणून मग दर वर्षी ऑक्टोबरातल्या शेवटच्या शनिवारी त्याचा सोहळा. गवताचं यंत्र, कडा छाटायचं, माती उकरायचं, करवत — चारही यंत्रं ओळीत. टाक्या डब्यात उपसायच्या. मग एकेक यंत्र सुरू करून खोकत खोकत बंद पडेपर्यंत चालवायचं. आणि बंद पडलं की पुन्हा दोरी ओढायची! "दोनदा मरू द्यायचं, मर्सेला. पहिल्यांदा मेलं म्हणजे मेलं नसतं. नळीत घोटभर उरतंच, आणि हिवाळाभर तो घोट नळीला आतून खात बसतो." मग नळी बोटानं वाकवून बघायची. चीर दिसली तर कापून नवी. शेवटी टाकीवर कागदी चिकटपट्टी आणि तारीख.

आमच्या गल्लीत कोणी त्याच्याकडून यंत्र नेताना काही विचारत नसे. पट्टी बघायचे आणि न्यायचे.

त्यानंतर दोन दिवस त्याच्या हातांना पेट्रोलचा वास यायचा. कुठल्या साबणानं जात नसे. मी उशी वेगळी करायचे.

२८ एप्रिल, रविवार

प्रार्थनेनंतर सगळ्या बायका भोवती. "बिचारा व्हर्न!" मी आर्लोचं नाव घेतलं. स्पष्ट, मोठ्यांदा. मी कौंटीच्या नोंदणी कार्यालयात तीस वर्षं जन्ममृत्यूच्या दाखल्यांवर 'सत्यप्रत' असा शिक्का मारलाय. मी काही म्हटलं की लोक पुन्हा विचारत नाहीत.

दफनभूमीच्या समितीत मी आहे. तिथली यंत्रं आर्लोच सांभाळतो, नऊ वर्षं. बुधवारी विषय काढणार.

दुपारी पुढच्या खोलीत पेट्रोलचा वास आला. क्लेटसचा आजारपणातला पलंग होता तिथे. पलंग केव्हाच परत नेला, पण गालिच्यावर चार पायांचे खळगे अजून आहेत. बरोबर त्या चारांच्या मध्ये उभी राहिले की येतो. एक पाऊल बाजूला झाले की नाही.

जळकं यंत्र अंगणापलीकडच्या शेडमध्ये आहे. खिडक्या बंद होत्या.

१ मे, बुधवार

दफनभूमीचं काम आर्लोकडून काढून घेतलं. सहा विरुद्ध शून्य. समितीला चौकशीची गरज वाटली नाही. "मर्सेला म्हणते तर—"

घरी येताना क्लेटसच्या थडग्यावरून आले. गवत काढलेलं, कडा सुरीनं कापल्यासारख्या. आर्लोचं काम. शेवटचं.

३ मे, शुक्रवार

आर्लो आला. टोपी हातात. मी त्याला दारातच उभा ठेवला. मला वाटलं, काम गेलं म्हणून भांडेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं!

"मिसेस क्लूझनर, कामाचं बोलायला नाही आलो. व्हर्ननं यंत्र बघायला बोलावलं होतं. ही नळी तेवढी बघा."

काळा तुकडा, बोटाएवढा. त्यानं जरा वाकवला आणि तो आडवा चिरला, शिळ्या पावाच्या कडेसारखा. आत चिकट. आंबूस वास.

"ऑगस्टात ही मीच वाकवून बघितली होती. चांगली होती. क्लेटसला म्हटलं, टाकी रिकामी केलीस तर अजून एक हंगाम जाईल. ही हिवाळाभर पेट्रोलात बुडून होती. टाकीत तळाशी पाणी सुटलंय. सहा महिने उभं राहिल्याशिवाय तसं सुटत नाही."

"पट्टी आहे यंत्रावर," मी म्हटलं.

"हो. बघितली." मग टोपी फिरवत राहिला. "क्लेटसची पट्टी कधी खोटी नव्हती, म्हणून तर मला कोडं पडलंय. माझंच कुठं चुकलं का तेच शोधतोय. माझ्या पोरीलाही म्हटलं, तीन रात्री मी तेच करतोय."

मी म्हटलं, शोध. दार लावलं.

माझंच चुकलं का, म्हणे!

४ मे

वास. सकाळीही. खुर्ची आणून त्या खळग्यांवर ठेवली. काही फरक नाही.

६ मे, सोमवार

आता लिहायचंच. वही दुसरं कोणी वाचत नाही, आणि वाचली तर वाचली.

पट्ट्या मी लिहिल्या.

ऑक्टोबरातला शेवटचा शनिवार. क्लेटसला पलंगावरून उठवत नव्हतं. सकाळपासून एकच — "यंत्रं, मर्सेला. पट्ट्या." व्हर्नला बोलावू म्हटलं तर म्हणे, आपल्या घरचं काम आहे. बाहेर चार अंश थंडी, पाय दुखत होते, त्याला पाच मिनिटं एकटं टाकायची भीती वाटत होती. आणि खरं सांगायचं तर राग आला होता. मरायला टेकलेला माणूस बायकोशी काही बोलेल, तर नाही. यंत्रं!

शेडमध्ये गेले. चार पट्ट्या फाडल्या. तारीख घातली. चिकटवल्या. तारखेतला दोनही त्याच्या दोनासारखा काढला, शेपूट लांब ओढून. तीस वर्षं लोकांच्या सह्या ताडून बघितल्यात, मला अक्षर उतरवायला कितीसा वेळ! कुठल्याही टाकीचं झाकण उघडलं नाही. मग स्वयंपाकघरात जाऊन हात धुतले, कारण शेडमध्ये धूळ होती, आणि त्याच्याकडे आले. म्हटलं, "झालं. चारही. दोनदा मेली."

त्यानं माझा हात धरला. ओढून चेहऱ्याशी नेला, तळवा नाकातोंडावर. बराच वेळ. डोळे मिटलेले. आमच्यात असलं काही नव्हतं — एकोणपन्नास वर्षांत त्यानं माझा हात ओठांना लावल्याचं मला आठवत नाही. अकरा दिवसांनी गेला. तो हात हाच त्याचा निरोप, असं मी धरून चाललेय. हिवाळाभर त्याच्यावर जगले.

आणि तो निरोप मी खोट्यानं मिळवला. असा हिशेब आहे.

शाळेत सिस्टर लिओकाडिया रोज सकाळी आम्हाला हात पुढे करायला लावायच्या. आधी वरून, मग तळवे. "जीभ शिकवलेलं बोलते, मुलींनो. हात बोलत नाहीत, म्हणून ते खोटंही बोलत नाहीत." मला तेव्हा ती बाई मूर्ख वाटायची.

७ मे

एप्रिलात यंत्र बाहेर काढताना व्हर्ननं पट्टीवर थाप मारली होती. "क्लेटस जागा आहे अजून!" मी खिडकीतून बघत होते. तेव्हा तोंड उघडायला काय झालं होतं?

९ मे, गुरुवार

पाद्र्याकडे गेले नाही. त्याला सांगून मी मोकळी होईन, आर्लोला काम मिळणार नाही.

११ मे, शनिवार

समिती बोलावली. उभी राहिले आणि सांगितलं. टाकी भरलेली होती, पट्टी मी लावली, आर्लोचा दोष नाही, काम त्याला परत द्या, माझं नाव समितीतून काढा. पाच वाक्यं. कोणीतरी म्हणालं, "अगं, दुःखात माणसाकडून—" मी म्हटलं, दुःख नव्हतं, आळस होता. सत्यप्रत.

तिथून आर्लोच्या दुकानात. त्यानं ऐकलं. फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, "म्हणजे मी नीट बघितली होती." एवढंच. सुटलेल्या माणसाचा आवाज कसा असतो ते मला कळलं. माफ केलं असं म्हणाला नाही. त्यानं ते म्हणू नये असंच मला वाटत होतं.

मग व्हर्न. त्यालाही सांगितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "बस जरा. कॉफी कर. पातळ करू नकोस."

एवढंच? मी त्याचा हात जाळला आणि — कॉफी?

१२ मे, रविवार

प्रार्थनेनंतर हातमोजे, डबा, उपसायची नळी घेऊन शेडमध्ये गेले. उरलेली तीन यंत्रं. म्हटलं, सहा महिने उशिरा का होईना, करते. दोनदा मारते.

कडा छाटायचं — झाकण उघडलं. कोरडी.

करवत. कोरडी.

माती उकरायचं. टाकीत बोट घातलं. कोरडं ठणठणीत. दोऱ्या ओढून बघितल्या. एकही खोकलं नाही, घोटभरसुद्धा नव्हतं. नळ्या वाकवल्या. तिन्ही मऊ, शाबूत, एक चीर नाही. आणि वर माझ्या पट्ट्या, माझी खोटी तारीख, जशीच्या तशी.

मी केलं नाही. मला आठवतंय मी केलं नाही. आठवतंय ना?

तिथेच उलट्या बादलीवर बसले. घरात जायचा धीर होईना. पुढच्या खोलीतून जावं लागतं.

शेडची किल्ली दोघांकडेच आहे. माझ्याकडे आणि व्हर्नकडे.

१३ मे, सोमवार

विचारलं.

व्हर्न बांधलेला हात मांडीवर ठेवून बसला होता. म्हणाला, "तू पट्ट्या लावल्यास त्याच दुपारी सांगितलं क्लेटसनं मला. तू मला त्याच्याजवळ बसवून औषधं आणायला गेली होतीस. म्हणाला, 'मर्सेला सांगते टाक्या रिकाम्या केल्या, पण मी तिचा हात हुंगला. साबणाचा वास आला. तू गुपचूप करून टाक.' मी तीन यंत्रं त्याच आठवड्यात केली. मग तो गेला, त्या गडबडीत चौथं राहिलं. मला वाटत होतं चारही झाली; एप्रिलात टाकी भरलेली दिसली तेव्हा वाटलं, तूच भरून ठेवलीस. चूक माझी गं."

मला का नाही सांगितलंस?

"तो नको म्हणाला. म्हणाला, एकोणपन्नास वर्षांत पहिल्यांदा खोटं बोलली, तेही मला बरं वाटावं म्हणून. तेवढं तिचं राहू दे."