आळशी चाळणी

सोमवार, ११ नोव्हेंबर

गेले मी कामातून! डोळ्यांच्या दवाखान्यासाठी लिहिलेला माझा प्रोग्रॅम माणसं गाळतोय. दहा दिवसांहून जास्त थांबलेल्या सगळ्यांना ऑपरेशनच्या तारखेचा निरोप जायला हवा — जातोय थोड्यांनाच. साहेब म्हणाले, "शुक्रवारपर्यंत बघा, नाहीतर दुसऱ्या कुणाला देतो." म्हणजे मी घरी. माझं सोडा, ती माणसं अंधुक डोळ्यांनी वाट बघत बसलीत!

मंगळवार, १२ नोव्हेंबर

नाही सापडत. डोकं बधिर.

बुधवार, १३ नोव्हेंबर

दुपारीच घरी आले आणि सासूबाईंपुढे रडले. त्यांनी उभा जन्म प्रोग्रॅम लिहिण्यात घालवलाय. "रडून झालं की वाचून दाखव," म्हणाल्या.

वाचलं. आधी मर्यादा दहा. मग चाळणी — मर्यादेहून जास्त थांबलेले तेवढे घे. मग साहेबांच्या अहवालासाठी तीच मर्यादा तीस केलेली. शेवटी फेरी, एकेकाला निरोप.

"थांब. चाळणी चालते कधी?"

"लिहिली तिथेच की, आई!"

"कसली! महाआळशी असते ती. चल गच्चीवर."

दोरीवर कपडे होते. "वाळलेले तेवढे काढ." मी पहिल्याला हात लावणार, तोच म्हणाल्या, "वाळलेले म्हणजे कडकडीत हं, दमट नको!" मी थबकले. त्यांनी सांगितलं तेव्हा एकही कपडा निवडला गेला नव्हता! हात लावीन तेव्हा एकेक तपासला जाणार, तोही तेव्हाच्या अटीने. माझी चाळणीसुद्धा फेरी सुरू झाल्यावर जागी होत होती, आणि तोवर दहाचे तीस झालेले! मधले सगळे बिचारे गळले.

"मग हा आळसच मोडून काढू?"

"वेडी का तू? लाखभर नावांतली पहिली पाचच हवी असली, तर बाकीची कशाला तपासायची? गुण आहे तो तिचा. अहवालाच्या मर्यादेला वेगळं नाव दे, झालं."

काय बाई आहे! आमच्या अख्ख्या ऑफिसला पुरून उरेल. मला फार अभिमान वाटला.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

चाललं!! साहेब "शाब्बास" म्हणाले. म्हटलं, सासूबाईंनी शोधलं. त्यांना चेष्टाच वाटली. राहिलेल्यांना उद्या सकाळी निरोप.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

निरोप सुटले, आणि स्वयंपाकघरात आईंचा फोन वाजला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख! घरात कुणालाच पत्ता नव्हता.

"आई, बोलला का नाहीत?"

"बोलले असते, तर तू आधी माझंच नाव पुढे काढलं असतंस."