कोलाचची गाडी न्यू मेक्सिकोला का गेली

लिपोव्हा, टेक्सस
सोमवार, ८ सप्टेंबर

प्रिय लिडियाताई,

आज दुकान बंद, भट्टी गार आणि माझे पाय समोरच्या खुर्चीवर. तुझे गुडघे कसे आहेत? नेब्रास्कात आता पहाटे गारवा सुटला असेल. इथे अजून कुत्रीसुद्धा सावली सोडायला तयार नाहीत. चर्चच्या जत्रेत आपल्या जर्दाळू भरलेल्या गोड पावाला, कोलाचला, पहिलं बक्षीस मिळालं. खसखशीच्या कोलाचचं मात्र डोरोथी हानाकबाईंनी नेलं. परीक्षक त्यांचे जावई होते. मी टाळ्या वाजवल्या, पण बेताच्या.

तू फोनवर ठेवलेला निरोप मी चारदा ऐकला. बाबांचं दुकान अर्धं तुझंही आहे, मी न्यू मेक्सिकोत शाखा काढते आहे आणि तुला ते हानाकबाईंकडून कळतं, याचं तुला वाईट वाटलं. वाटणारच. मी उलट फोन केला नाही, कारण जे सांगायचं आहे ते फोनवर बोलण्यासारखं नाही. म्हणून हे पत्र. वाचून झालं की चुलीत घाल किंवा बायबलमध्ये ठेव, तुझी मर्जी.

आधी गंमत ऐक. हानाकबाई नातवाला भेटायला आल्बुकर्कीला गेल्या होत्या आणि तिथे एका रस्त्यावर त्यांना आपली गाडी दिसली. 'कुबेना यांची बेकरी, लिपोव्हा' हे नाव आणि शेजारी गाडीच्या चाकाएवढा रंगवलेला आलुबुखाराचा कोलाच. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की अल्बिना न्यू मेक्सिकोत दुकान थाटते आहे. फादर व्हिन्सेंटनी प्रवचनानंतर मला थांबवून विचारलं की आम्हाला सोडून तर नाही ना जाणार. बँकेचा मॅनेजर हात मिळवून गेला. हानाकबाईंच्या मुलीने तर आपली भट्टी विकत घेण्याची तयारी दाखवली, तीही माझ्यासमोर, मापं घेत घेत. मी कुणालाच नाही म्हटलं नाही. नुसती हसत राहिले. लोकांना शाखेचं दुःख करू दे, म्हटलं, म्हणजे दुसरं काही सुचायचं नाही.

शाखा नाही, ताई. मी ग्रिसेल्डाला घेऊन गेले होते.

ग्रिसेल्डा ओचोआ तुला आठवते ना? गेल्या नाताळात जिने तुला खसखस वाटून डबा भरून दिला होता तीच, नऊ वर्षांपासून आपल्याकडे पीठ मळते. धाकटीच्या बाळंतपणात तिचं हृदय कमजोर झालं. तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं की आणखी एक मूल झालं तर हे हृदय तग धरणार नाही. सगळी काळजी घेऊनही जुलैत दिवस गेले. मळताना धाप लागायला लागली, पिठाची परात उचलवेना. इथल्या डॉक्टरने तपासलं आणि सांगितलं की अजून वाट बघू, जास्त बिघडलं की या. मग दाराकडे बघून आवाज बारीक केला आणि म्हणाला की माझी बहीण असती तर मी आजच तिची बॅग भरली असती. राज्याबाहेर, एवढंच त्याला म्हणायचं होतं. टेक्ससमध्ये गर्भपात केला तर डॉक्टरलाच तुरुंग, आणि त्यालाही नोकरी आहे, मुलंबाळं आहेत.

ती मला हे सांगत नव्हती. तिने फक्त तीन दिवसांची रजा मागितली, बिनपगारी. कशाला, म्हटलं, तर म्हणाली डॉक्टरकडे जायचंय, लांब. सोबत कोण? कुणी नाही. नवरा रामिरो तेलाच्या विहिरीवर, आणि मुली सासूकडे. बसने जाणार होती, त्या हृदयाने. तेव्हा मी तिला पिठाच्या गोणीवर बसवलं आणि सगळं काढून घेतलं.

बाबांचा नियम तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. आपल्या भट्टीवरचं माणूस डॉक्टरकडे एकटं जायचं नाही. दाढ काढायची असो की मूळव्याध, बाबा सोबत जाऊन पेपर वाचत बसायचे, आणि त्या दिवसाचा पगार चालू. डॉक्टर किती लांब असेल याबद्दल त्यांनी काही म्हटलं नव्हतं. डॉक्टर कशासाठी, याबद्दलही नाही.

आता आमची हुशारी बघ. आम्ही फोन बंद ठेवले, कुणाला काही सांगितलं नाही, आडवाटेने जायचं ठरवलं. आणि गाडी कोणती काढली? माझ्या मोटारीची थंड हवा बंद पडलेली, आणि तिला मागे आडवं होता येईल अशी एकच गाडी आपल्याकडे आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अर्ध्या टेक्ससमधून आम्ही आपलं नाव आणि फोन नंबर मिरवत गेलो. एका पेट्रोल पंपावर तर एकाने दोन डझन कोलाच मागितले. मी दिले.

कुणाला सांगितलं नाही असं मी समजत होते. पण कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही. पहाटे निघताना दुकानामागे सगळे हजर. काउंटरवरच्या मुलींनी उशी आणि गोधडी आणली होती, भांडी घासणाऱ्या काकूंनी मक्याच्या पिठाचे वाफवलेले टमाले. आणि लॅडी मिकेश्का. आपल्या भट्टीवरचा लॅडी, चर्चच्या दारात गर्भपाताविरुद्धचा फलक धरून उभा राहणारा, या विषयावर माझ्याशी वर्षभर अबोला धरलेला. मला वाटलं, आता हा आडवा येणार. तो गाडीभोवती फिरला, वाकला, पंप घेऊन आला.

"तुम्ही कुठे चाललात ते मला ठाऊक नाही, आणि सांगूही नका," तो म्हणाला. "पण डावं चाक बसलंय. अशा चाकावर पोरीला घेऊन कुठेही जायचं नाही."

हवा भरली, काच पुसली, आणि ग्रिसेल्डाकडे न बघता तिच्या हातात स्वतःची जपमाळ देऊन आत निघून गेला. ती पार लबक शहरापर्यंत रडत होती. मग तिला भूक लागली आणि आम्ही टमाले खाल्ले. नंतर तिने रेडिओवरची सगळी गाणी म्हटली, बेसूर. मला इतकं हसू येत होतं की एक वळण चुकलं. ताई, आम्ही कशासाठी चाललो होतो ते मी विसरले नव्हते, तीही विसरली नव्हती. पण वाट लांब होती, आणि आम्ही आनंदात होतो हे तुझ्यापासून लपवून काय करू?

तिथे मोठ्या दवाखान्यात हृदयाचे डॉक्टर सोबत होते. सगळे समजावून बोलले, दाराकडे न बघता. नर्सने मला विचारलं की तुम्ही आई का. मी म्हटलं, मालकीण.

"मालकीण इथवर आली?" तिचा विश्वास बसेना.

"पीठ ती मळते," मी म्हटलं, "तिच्याशिवाय मी कशाची मालकीण?"

मी बाहेर बसून राहिले. पेपर नेला होता, एक ओळ वाचली नाही. आपल्या आईला आठवत होते. माझ्यानंतरच्या बाळंतपणात ती गेली, तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस आणि मी दोन. मला तिचा चेहरा आठवत नाही. तुला आठवतो. ग्रिसेल्डाच्या मोठीला नववं लागलं आहे. मी तिथे बसून काय म्हटलं ते तू माझ्यावर रागवलीस तरी सांगते. म्हटलं, देवा, हिला तिच्या आईचं तोंड रोज बघू दे.

शुद्धीवर आल्यावर ग्रिसेल्डाचं पहिलं वाक्य, "मंगळवारची खसखस कोण वाटतंय?" मी म्हटलं, लॅडी. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "मग बुधवारी सगळं फेकावं लागणार." माझ्या जिवात जीव आला. आणि खरंच फेकावं लागलं.

आता जे लिहायचं मी टाळते आहे ते लिहिते. इथे मदत करणाऱ्यालाही कोर्टात खेचायला टपलेले लोक आहेत. गाडीवर बाबांचं नाव होतं, दुकान अर्धं तुझं आहे, आणि मी तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हटलं असतंस, आणि मला नाही ऐकायचं नव्हतं. तू दर शनिवारी जपमाळ घेऊन कोणत्या दवाखान्यासमोर उभी राहतेस ते मला माहीत आहे. मीही तुझ्याच शेजारी त्याच बाकावर वाढले. तुझी श्रद्धा मला कधी खोटी वाटली नाही, आजही वाटत नाही. पण ग्रिसेल्डा जाईल की राहील हे मला वाट बघून कळून घ्यायचं नव्हतं.

मी बाबांच्या नियमाखाली एक ओळ वाढवली आहे, आणि ती सगळ्यांना वाचून दाखवली आहे. डॉक्टर कितीही लांब असो, रजा पगारी आणि सोबत दुकानाची. तुला ती मान्य नसेल तर ये आणि माझ्या तोंडावर सांग. ऑक्टोबरात बाबांच्या स्मरणाच्या मिस्साला तू येणार होतीस. हे वाचून येणार नसशील, याचीच मला भीती आहे, कोर्टाची नाही. तरी ती ओळ मी पुसणार नाही.

परवा शनिवारी सभागृहात नाच होता. रामिरो सुट्टीवर आला होता. डॉक्टरांनी बेताने म्हणून परवानगी दिली होती, तर ग्रिसेल्डा त्याच्याबरोबर पोल्का नाचली. वाजवणाऱ्यांनी तिच्यासाठी ठेका संथ केला, आणि तिच्या दोघी मुली मधे घुसून तिच्या घागऱ्याला लोंबकळत होत्या. धाकटीने तिच्या छातीला कान लावला आणि ओरडून सांगितलं, "वाजतंय!" सगळे हसले. लॅडी डोळे पुसत बाहेर गेला, धूर लागला म्हणाला. तिथे धूर नव्हता, ताई.

तुझ्या खोलीत नवी चादर घातली आहे.

दुकानात तुझी अर्धी,
बहीण म्हणून अख्खी,
अल्बिना